बाटलीवरची कागदी पट्टी

नातवाच्या औषधाचे प्लास्टिकचे माप धुताना मला शांताची काचेची बाटली आठवली.

शांता माझी नणंद. तिला मिरगी यायची. मॅट्रिक होऊन ती नागपूरला कॉलेजात निघाली, पण तोवर सकाळी पेजेबरोबर आणि दिवेलागणीला औषध मीच पाजत होते. सासूबाई म्हणाल्या, "तिथं कोण पाजंल? घरीच राहू दे." तिला स्वतः घ्यायला शिकवायला मी आठ दिवस मागितले आणि बाटली शांताच्या हाती दिली. बाटलीवर कंपाउंडरने खाचा पाडलेली कागदी पट्टी डकवली होती. एक खाच म्हणजे एक डोस.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती विसरली. मी पट्टी पाहिली आणि गप्प बसले. संध्याकाळी ती दोन डोस ओतू लागली, तेव्हा हात धरला.

"दोन कायले वं?"

"सकाळचा राहिला ना, वैनी."

"राहिला तो राहिला. दोन घेशील तर वर्गात घोरत राहशील."

तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजले. आज वाटते, त्या दिवशी तिला झटका आला असता तर?

शांता कॉलेजात गेली आणि महिन्याने नागपूरहून तिचे पाकीट आले. आत रिकाम्या बाटलीची पट्टी होती आणि प्रत्येक खाचेसमोर वार लिहिलेला होता. एका मंगळवारपुढे लिहिले होते, "विसरली. दोन नाही घेतले."

सासूबाईंना वाचून दाखवताना तो मंगळवार मी गाळला.