समईच्या वेळेला

लोक म्हणतात, नेट गेलं की कळतंच. कसलं कळतं! घरोघरी नेट पुरवणारं आमच्या ऑफिसातलं यंत्रच मेलं, तर त्याची वर्दी देणार कोण? म्हणून मी तीन छोटे सर्व्हर तीन ठिकाणी बसवले: एक तुळिंजला मोबाइलच्या दुकानामागं, एक फुलपाड्यात गच्चीवरच्या खोलीत आणि तिसरा वसईला खाडीकाठी, एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी. तिघांनी ऑफिसावर आणि एकमेकांवर नजर ठेवायची. एक गप्प झाला की उरलेले दोघं माझ्या फोनवर निरोप धाडणार.

वसईच्या सर्व्हरनं मला छळलं. रोज दिवेलागणीला बंद पडायचा आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायचा. शेवटी मी तणतणत तिथं गेले. खाऱ्या हवेनं घरातली सॉकेटं गंजलेली. धड एकच, देवघराजवळचं. काका माझ्या सर्व्हरची पिन काढून तिथं विजेची समई लावत, शुभंकरोती म्हणत आणि मग माझी पिन परत खोचत. ती समई त्यांच्या बायकोनं, काकूंनी आणलेली आणि त्याच ती रोज लावायच्या. काकू गेल्यापासून काकांनी एक संध्याकाळ चुकवली नव्हती.

मी एक्स्टेंशन बोर्ड नेला, तर तो त्यांनी माझ्याच पिशवीत परत टाकला. "देवाच्या जागंला वाटेकरी नको, बाय. तुजी मशीन पावनी हाय. जरा थांबंल."

हळूहळू मला त्या निरोपाची सवय लागली. 'वसई बंद' आलं, म्हणजे काका ठीक आहेत.

एका संध्याकाळी तो आलाच नाही. स्क्रीनवर तिन्ही ठिपके हिरवेगार, सगळं सुरळीत, आणि नेमकं म्हणूनच मी काकांचा नंबर लावला. काका फोन उचलेनात. मी स्कूटर काढली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार. माझ्या सर्व्हरचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि देवांचे चेहरे क्षणभर दिसून परत नाहीसे होत होते. देवघरापुढं काका पडलेले. उजवं अंग हलत नव्हतं. "समई रायली," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात न्यायला शेजाऱ्यांनी गाडी काढली. घराला कुलूप मीच लावलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघाली तर बघू. काकांचं मात्र दिवसभर एकच: "दिवा कोन लावील?" मी जाते म्हणत होते, पण परगावी राहणारा त्यांचा मुलगा अजून पोचायचा होता आणि त्यांना एकटं सोडायचा मला धीर होईना. संध्याकाळ झाली तशी त्यांची डावी मूठ चादरीवर आवळत गेली.

फोन थरथरला. वसई बंद.

लाइट गेली असणार, असं मी स्वतःला बजावलं आणि शेजाऱ्यांना फोन लावला. त्यांच्याकडे लाइट होती. काकांच्या दाराला कुलूप होतं. त्याची एकुलती एक किल्ली माझ्या पर्समध्ये होती. हात घालून मी ती चाचपली.

मी काकांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांची मूठ सुटली होती. डोळे मिटून ते ओठांतल्या ओठांत शुभंकरोती म्हणत होते. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. ओठ थांबले आणि फोन पुन्हा थरथरला. वसई सुरू.

काकांनी डोळे उघडले. चेहरा कितीतरी निवळला होता.

"लावली बग तुजी पिन परत," ते म्हणाले. "ती इसरत नाय."