पोटवाले पाद्री आणि नेलिमाचे पुडे

आमच्या बुंगोमा गावातल्या कर्णबधिर शाळेत खाएम्बा मास्तर इंग्रजी लिहायला शिकवतात. मुलांनी त्यांना खुणेचं नाव दिलंय: दोन्ही हातांनी पँट वर ओढायची. ती सतत घसरते, त्याला मुलं काय करणार? माणूस डोळ्यांना दिसतो तसं त्याचं नाव पडतं, त्यात अपमान नसतो. माझं नाव टक्कल. मी शिवण शिकवतो आणि मुकाट्याने सोसतो.

मास्तरांच्या वर्गात आधी हातांनी गोष्ट सांगायची, मग तीच इंग्रजीत उतरवायची. नेलिमा त्यांची पट्टशिष्या. तिला नासिमियूबाईंच्या बेकरीत, जमलं तर कायम या बोलीवर, काम मिळालं तेव्हा मास्तर पँट सावरायचंही विसरले.

पुड्यांवर गिऱ्हाइकाचं नाव लिहिणं तिच्याकडे होतं. एके दिवशी पाद्रीबाबांनी आपला पुडा उचलला. वर सुवाच्य इंग्रजीत लिहिलेलं: ‘ज्यांचं पोट आधी आत येतं, त्यांचे पाव.’

बाईंनी मास्तरांना बोलावणं धाडलं. मीही गेलो, तमाशा कशाला चुकवा?

“मास्तर, पोरगी उद्यापासून नको. माझं निम्मं गिऱ्हाईक चर्चमधलं.”

“बाई, तिच्या इंग्रजीत एक चूक दाखवा.”

“तेच तर दुखणं. चुकली असती तर पाद्रीबाबांना कळलं तरी नसतं.”

मास्तर नेलिमाला हातांनी समजावू लागले: ऐकणारी माणसं एकमेकांची पोटं बघतात, पण लिहीत नाहीत.

“मग ओळखतात कशावरून?” नेलिमाने हातांनीच विचारलं.

मास्तरांनी पँट वर ओढली. इतकी वर्षं त्यांनी काय लिहायचं ते शिकवलं होतं. काय लिहायचं नसतं, हा धडा राहूनच गेला होता.

अखेर आणखी एक आठवडा मिळाला, नुसती नावं लिहायच्या अटीवर. नेलिमाने ती इमानाने लिहिली. गावात वांजाला नावाचे पुरुष पैशाला पासरी. एका वांजालाच्या लेकीच्या लग्नाचा केक दुसऱ्या वांजालाच्या घरी गेला आणि शेजाऱ्यांसकट सगळ्यांनी तो मिटक्या मारत संपवला.

आठवडा सरल्यावर आम्ही निकाल विचारायला गेलो. बाई दाराकडे पाठ करून एका वांजालाच्या पुड्याच्या तळाशी लिहीत होत्या: ‘वाकडे दात’.

“राहू दे पोरीला,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “फक्त सांगा, नाव वर आणि बाकीचं खाली.”

मास्तर खुणेला हात उचलेपर्यंत नेलिमाने बाईंचं लिहिणं बघून सगळे पुडे तळाशी लिहायला उलटे करून ठेवले होते.