मावशींचा बर्फ

“माझं काय अडलंय?” असं म्हणायच्या आणि पदराला हात पुसत मावशी पुढच्या कामाला लागायच्या. चहा गार झाला? असू दे, माझं काय अडलंय. पोळ्या संपल्या? भात आहे की, माझं काय अडलंय. परदेशात लेकाकडे आलेल्या अशा आया तुम्हीही पाहिल्या असतील. साडीवर लेकाचं जुनं जॅकेट घालतात, नातवंडांची बाबागाडी ढकलतात आणि कुणी मराठी बोलताना ऐकलं की रस्ता ओलांडून येतात. या तशाच माझ्याकडे आल्या.

डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन भागात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मावशी बार्शीच्या. २०२०च्या सुरुवातीला सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाला आल्या आणि विमानं बंद झाली. पुढे विमानं सुरू झाली तरी मावशी इथेच. का, ते सांगायला मला कसली भीड? लेक-सून दोघंही दिवसभर लॅपटॉपसमोर. पोरं सांभाळायला फुकटची आई मिळाल्यावर कोण सोडतंय!

मावशींनी परतीचं नाव काढलं की लेकाचं उत्तर ठरलेलं. “अगं, बर्फ न बघता जाणार? तुझ्या बहिणीला काय सांगशील?” इथेच ती माउली पाघळायची. पडलेल्या बर्फावर एकदा उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट तिनं स्वतःसाठी मागितली होती. बहिणीला फोनवर सांगूनही टाकलं होतं. आता डब्लिनला कुठला आलाय बर्फ? इथे आपला बारा महिने आडवा पाऊस.

शेवटी २०२१च्या डिसेंबरात लेकानं फ्रान्सच्या डोंगरातलं स्की रिसॉर्ट ठरवलं. सीझन नुकता सुरू होत होता. मावशींनी सगळ्यांसाठी लोकरीचे हातमोजे विणले, स्वतःसाठी लाल. दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. “थंडीत पोरांना भूक लागंल ग.” निघायच्या सकाळी आत थर्मल, वर साडी, त्यावर जॅकेट असा थाट करून माझ्या दारात आल्या आणि गोल फिरून दाखवलं. “यू लुक ग्रँड, आजी!” नात ओरडली. मावशी चक्क लाजल्या.

त्याच दिवशी जेवणाच्या आत परत. टॅक्सीतून, एकट्या, हातात दशम्यांची पिशवी.

झालं होतं असं. करोनाचे दिवस, म्हणून लेकानं लशीची सर्टिफिकेटं पुन्हा पुन्हा तपासली. पासपोर्ट मात्र कुणी बघितला नाही. त्या चौघांचे आयरिश, लालसर. मावशींचा आपला निळा. निळ्याला फ्रान्सचा व्हिसा लागतो, हे इथलं नागरिकत्व मिळाल्यापासून लेक साफ विसरला होता. विमानतळावर काउंटरवरच्या बाईनं मावशींना बाजूला काढलं.

आणि लेकानं काय करावं? मला फोन. “ताई, आईला आठवडाभर ठेवून घ्याल का? बुकिंग रद्द होत नाहीये हो. मुलं पण रडतायत.” घराची किल्ली खिशात घालून गेला, मेला. आईला शेजारच्या घरातही जाता येईना.

“असू दे ग,” मावशी म्हणाल्या. “त्यांची सुट्टी कशाला मोडायची? माझं काय…”

पुढचं आलंच नाही. पिशवी ओट्यावर ठेवून त्या खुर्चीत बसल्या. मावशींना नुसतं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. पांढराशुभ्र डोंगर, पोरांचे गाल लाल. “आई, हे बघ!” म्हणत लेकानं बर्फाचा गोळा केला आणि थेट कॅमेऱ्यावर फेकला. मावशींनी दचकून तोंड फिरवलं. तिकडे सगळे खो खो हसले.

“लागला का, आई?”

“न्हाई रे बाबा,” मावशी हसल्या. मग फोन माझ्या हातात देऊन बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला. इतका संताप आला की फोन भिंतीवर मारावा, पण फोन माझाच होता.

आठवड्यानं मंडळी परतली. त्यांनी बूट काढायच्या आधीच मावशी लेकाला म्हणाल्या, “माझं तिकीट काढ.”

“अगं, पुढच्या वर्षी व्हिसा काढून…”

“तिकीट काढ.”

वर्ष संपायच्या आत त्या बार्शीला परत गेल्या. जाताना लाल हातमोजे मला देऊन गेल्या, कोरे करकरीत. “तुझ्या फ्रीजरमधून मटार काढायला होतील.”

महिनाभरानं लेक माझ्या दारात उभा. कडेवर धाकटा रडतोय, खिशात फोन वाजतोय.

“ताई, आई परत यायला तयारच नाही हो. तुमचं ऐकेल ती. पाळणाघरात कुठेही जागा नाही, आमचं सगळं अडलंय.”

“तुमचं अडलंय,” मी म्हटलं. “तिचं काय अडलंय?”

आणि दार लावून घेतलं.