पंचेचाळीस अंश

लोखंड म्हणजे अतिवाहकतेची सवत, असं आम्ही शिकलो होतो. जिथे लोखंडाचं चुंबकत्व, तिथे वीज बिनविरोध वाहायची नाही. २००८ साली लोखंड आणि आर्सेनिकचा पदार्थच अतिवाहक निघाला आणि आमच्या विषयात झुंबड उडाली. रोज सकाळी इंटरनेटवर नव्या पेपरांची यादी यायची. आपलं काम कोणी आधीच केलं नसेल ना, या धास्तीने मी ती उघडायची.

मी शॉमबर्ग या उपनगरातून विद्यापीठात ड्राइव्ह करत जायची. नवरा आयटीत. लग्नानंतरची दोन वर्षं मी त्याच्या व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या परवानगीशिवाय, घरी काढली होती. पीएचडी होऊन पोळ्या लाटत होते. मग ही पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, नोकरी लागली, तीही ऑगस्टमध्ये संपणार होती. लोखंडावर एक पेपर झाला तर आणखी वर्षभरासाठी शब्द टाकतो, असं प्रोफेसर म्हणाले होते.

पेपर झाला. एकमेकांना सहन न करणारे इलेक्ट्रॉन लोखंडाच्या अणूंच्या जाळीत जोड्या कसे जमवतात, हे माझं गणित सांगत होतं. जोड्या जमल्या की वीज बिनविरोध वाहते. प्रोफेसरांनी माझा आलेख स्वतःच्या दारावर चिकटवला. नवऱ्याने शेजारच्या काकूंना पेढे दिले. काकूंनी विचारलं, आता तवा लवकर तापणार का. मी म्हटलं, उलट, विजेला विरोधच नसला तर तापणारच नाही.

पाठवायच्या आदल्या दिवशी मी आकृती पुन्हा काढली. या जाळीत अक्ष दोन तऱ्हांनी धरतात: काही जण लोखंडाच्या एका अणूकडून शेजारच्या अणूकडे, काही जण त्याला पंचेचाळीस अंशांत वळवून. माझे निम्मे आकडे दुसऱ्यांच्या पेपरातले होते. त्यांचे अक्ष तिरके, माझे सरळ. दोन प्रकारच्या इलेक्ट्रॉनांची मी अदलाबदल करून बसले होते. एखाद्या विद्यार्थ्याने हा गाढवपणा केला असता, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

दुरुस्त करून गणित पुन्हा चालवलं. जोड्या जमेनात. आठवडाभर आकडे हलवून पाहिले, तरी रेघ सपाटच. मला रडू आलं.

प्रोफेसरांना सांगितलं. ते दारावरच्या आलेखाकडे बघत हळूच म्हणाले, "बरं झालं, तूच पकडलंस." मुदतवाढीचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही काढवला नाही.

नवरा म्हणाला, "तसाच सबमिट करायचा ना यार. कुणाला कळलं असतं?"



ऑगस्टनंतर मी परत त्याच्या व्हिसावर आले. यादी उघडायची सवय मात्र सुटली नव्हती. एका सकाळी कोणाचा तरी पेपर आला: सुरेख जोड्या, सुरेख आलेख. आकृती पाहिली. अक्ष सरळ, आकडे तिरके. माझीच चूक, आणि ती कुणालाच कळली नव्हती.

मी ईमेल लिहायला घेतली. चार ओळींत सगळं सांगून झालं. नावाखाली लिहायला विद्यापीठ नव्हतं. मी ती पाठवली नाही.