अव्वाच्या वाटणीची वाईन

आमच्यात माणूस पुरतात, जाळत नाहीत. माझी बायको आमच्याच रानात आहे, द्राक्षबागेच्या कडेला, बेलाच्या झाडाखाली. दर अमावास्येला समाधीवर नैवेद्य ठेवतो. जितेपणी माणूस जे खात-पीत होतं तेवढंच ठेवायचं, अशी आमची रीत. तिला ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि गुळाचा चहा. दुसरं काही कुणी ठेवलं तर मी उचलून टाकतो.

पोरगा स्पेनला वाईनच्या कारखान्यात कामाला आहे. त्याची आई, अव्वा, गेली तेव्हा त्याला येता आलं नाही. आमच्यात त्याच दिवशी माती देतात, आणि विमान काही तेवढ्यात पोचवत नाही. त्यानं सगळं फोनवर बघितलं. यंदा आला तो बॅग अंगणात टाकून आधी रानात गेला, मग घरात आला. बॅगेत चार बाटल्या.

"यातली एक अव्वाची," म्हणाला. "दवाखान्यातनं फोनवर म्हणली होती ना ती, तू काय बनवतो ते एकदा चाखीन म्हणून. आल्यावर देतो म्हणलो होतो मी."

म्हणली होती, खरं आहे. मी खाटेशेजारीच बसलो होतो. जिनं जन्मात दारूचा वास सहन केला नाही ती बाई तसं म्हणली, म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिलो होतो.

"समाधीवर घोटभर ठेवू द्या, अप्पा."

"न्हाय," मी म्हणलो. "गळ्यातल्या इष्टलिंगासकट माती दिली तिला. तिथं दारू ठेवायची न्हाय."

त्यानं बॅगेची चेन लावली. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

पोरगी सासरहून आली होती. तिला सोडायला तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, आले होते. पोरगी म्हणाली, "अप्पा, निदान आमी तरी चाखतो. एवढ्या लांबनं आणल्यात त्यानं." घरात दारू चालत नाही, म्हणून रानातल्या शेडात बसायचं ठरलं. लाईट गेलेली. बाटल्या गार पाहिजेत म्हणाला पोरगा, तर मी त्या जाळीत बांधून विहिरीत सोडल्या. दारूला नको म्हणणारा मीच, आणि दोरी धरून उभा राहणाराही मीच.

ऊन उतरल्यावर पोरानं खाणं मांडलं. चुलीवर कडक केलेल्या भाकरीचे तुकडे, त्यावर लसूण घासून टमाट्याचा गर आणि तेल. बटाट्याची जाड पोळी. तिकडं ती अंड्यात करतात, यानं आमच्यासाठी बेसनात केली. मीठ लावून तळलेल्या मिरच्या. मेंढीच्या दुधाचं चीज. असल्या खाण्याला तिकडं तापास म्हणतात. पूर्वी ग्लासात चिलटं पडू नयेत म्हणून वर पावाचा तुकडा झाकायचे, त्यावरनं हे निघालं म्हणे. मला पटलं. पाण्याच्या तांब्यावर झाकण नसलं की आमची ही सगळ्या घराला धारेवर धरायची.

पहिली बाटली पांढरी, गॅलिसिया नावाच्या भागातली. तिथं समुद्र आहे आणि कोकणासारखा पाऊस पडतो म्हणाला.

"आमी घेत न्हाय बरं का," व्याही म्हणाले, "पर पोराचं मन कशाला मोडायचं?" आणि ग्लास उंच धरून, तांब्यानं पाणी पितात तशी वरनं धार तोंडात सोडली. अर्धी नाकात गेली, अर्धी शर्टावर.

"मामा, ओठाला लावून प्यायची!" पोरगा म्हणाला.

"उष्टा करू व्हय ग्लास?"

"तुमचा एकट्याचाच आहे तो."

"मग आधी सांगावं का न्हाय? आता घरी हिनं वास घेतला तर मला उंबऱ्याच्या आत घेत न्हाय ती."

"द्राक्षाचा रस सांडला म्हणून सांगते मी आत्याबाईंना," पोरगी म्हणाली.

दुसरी बाटली रियोहा भागातली, लाल, लाकडी पिंपात मुरवलेली. तिसरी हेरेस गावची, काकवीच्या रंगाची. कारखान्यात वाईन चाखून थुंकतात, हे ऐकून मी चिडलो. "द्राक्ष पिकवायला काय लागतं ते ठावं हाय का त्यांना?"

"दिवसभर चाखायचं असतं, अप्पा. सगळं गिळलं तर मला घरी कोण आणून सोडंल?"

व्याही ठसका लागेस्तोवर हसले. मीही हसलो. मी नुसतं खात होतो. ती गेल्यापासनं मी ओट्याशी उभ्यानंच दोन घास गिळत आलो होतो. त्या दिवशी मांडी घालून बसलो आणि जेवण तोंडाला लागलं.

चौथी बाटली पोरानं हातात घेतली आणि पुसली. "ही आमच्या कारखान्याची. ला मांचा म्हणून भाग आहे. पाऊस कमी, रान आपल्यासारखंच कोरडं. हिची द्राक्षं म्या तोडलीत." मग बाटली तशीच न उघडता बाजूला ठेवायला लागला. पोरीनं मान खाली घातली.

"उघड ती," मी म्हणलो.

त्यानं उघडली. मी ग्लास भरून घेतला आणि बेलाकडं चालायला लागलो. तो मागनं आला. समाधीजवळ मी खाली बसलो, ग्लास मात्र दगडावर ठेवला नाही.

"हिला ठेवायची न्हाय म्हणजे न्हाय," मी त्याला सांगितलं. "पर कशी लागती ते सांगायला काय हरकत हाय?"

मग मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला लावली.

"ऐक गं," मी तिला म्हणलो. "आधी आंबट लागती, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखी. मग जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडती ना, तशी. गोड अजिबात न्हाय. गिळल्यावर घशात गरम वाटतंय. आणि मागनं चुलीच्या धुराचा जरासा वास येतो."

पोरगा माझ्या शेजारी बसला. बराच वेळ नाक ओढत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

"आवडली असती का तिला, अप्पा?"

"न्हाय," मी म्हणलो. "तोंड वाकडं केलं असतं. पर तू केलेली म्हणून थेंब सोडला नसता."

आणि तिच्या वाटणीचा तो ग्लास मी तिथंच बसून संपवला.