सरळ पिन, तिरकी पिन

आमचे हे कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण तेवीस वर्षं आमदारकी त्यांनीच केली. म्हणजे निवडून यायचं, हार घालून घ्यायचे, गाडीत पुढे बसायचं, हे साहेबांनी केलं. बाकीचं सगळं ह्यांनी. मी नर्स आहे. राउंड डॉक्टर घेतात आणि बाकीचं कोण आवरतं, ते मला कोणी शिकवायला नको.

हे मुळात टायपिंगचे मास्तर. बाजारामागच्या गल्लीत, एका जिन्याखालच्या खोलीत सहा मशिनांचा क्लास होता. साहेब तेव्हा सिमेंटचे पाइप विकायचे. पहिल्या निवडणुकीचा अर्ज टाइप करून घ्यायला आले. ह्यांनी विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" साहेब म्हणाले, "तुम्हाला जे शोभेलसं वाटतं ते लिहा." ह्यांनी 'समाजसेवा' लिहिलं. साहेबांनी तो शब्द तीनदा वाचला म्हणे, आणि चेहरा असा झाला की जणू आत्ताच कळलं आपण काय करतो ते. निवडून आले आणि आठवड्याभरात ह्यांना बोलावणं आलं. पुढे 'अहो'चं 'अरे' झालं, पण हाक मारायचे ती 'मास्तर' अशीच.

सभागृहातलं पहिलं भाषण ह्यांनी चार पानांचं लिहून दिलं. प्रत्येक पानाच्या दोन प्रती, एक साहेबांना, एक वार्ताहरांना. साहेबांनी गठ्ठा तसाच उचलला आणि तसाच वाचला. पहिलं पान दोनदा, दुसरं दोनदा, असं शेवटपर्यंत. बाकं दोन्ही वेळा तितक्याच जोरात वाजली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, रस्त्यांच्या प्रश्नावर आमदारांनी सरकारला पुन्हा पुन्हा बजावलं. हे घरी येऊन कपाळाला हात लावून बसले होते. पेपर वाचून एकदम ताठ झाले आणि कात्री मागितली.

तेवीस वर्षांत साहेबांचे तीन पक्ष झाले. "बदलले" म्हटलेलं ह्यांना खपत नाही. "साहेब आहेत तिथेच आहेत, पक्ष बाजूला झाले," म्हणतात. सगळ्या राज्याला ती बातमी संध्याकाळी कळायची, मला सकाळीच. हे नव्या लेटरहेडचं प्रूफ तपासत बसलेले असायचे आणि चहा गार होत असायचा. जुन्या दोन्ही पक्षांची उरलेली लेटरहेडं कपाटाच्या खालच्या खणात बांधून ठेवली आहेत. एकदा मी म्हटलं, रद्दीत घालू का? तर दचकले. "अगं, थांब! लागतील."

पण ह्यांचं खरं काम पत्रांचं. साहेबांकडे दिवसाला साठ-सत्तर माणसं यायची. कोणाला बदली हवी, कोणाला प्रवेश, कोणाला नळ, कोणाच्या पोराला नोकरी. प्रत्येकाला साहेबांच्या सहीचं शिफारसपत्र मिळायचं. त्याच्या मागे त्या माणसाचा अर्ज स्टेपलरने टाचायचा आणि पाकिटात घालून हातात द्यायचा. रिकाम्या हाताने कोणी परत गेलं नाही, अशी साहेबांची ख्याती. आता इतक्या सगळ्यांची कामं करायची म्हटली तर अधिकाऱ्यांना वेड लागेल. म्हणून एक सोय होती. पिन कागदाच्या कडेला धरून सरळ मारलेली असेल, तर काम करायचं. तिरकी मारलेली असेल, तर पत्र आदराने वाचायचं आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायचं. जिल्ह्यातल्या प्रत्येक हेडक्लार्कला हे ठाऊक. पत्र नेणारा सही बघतो, शिक्का बघतो, पिनकडे कोण बघतंय? ही युक्ती आमच्या ह्यांची, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं.

सरळ मारायची की तिरकी, हे माणसासमोर विचारणार कसं? त्याचीही रीत होती. साहेबांनी आठ्या घातल्या, "बघतो, जमेलसं वाटत नाही" म्हणाले, की सरळ. आणि खांद्यावर हात ठेवून "काम झालंच समजा" म्हणाले, की तिरकी. पहिला माणूस शिव्या घालत जिना उतरायचा आणि महिन्याभरात त्याचं काम व्हायचं. दुसरा साहेबांचे गोडवे गात उतरायचा आणि वर्षभर गात राहायचा. मतं दोघंही द्यायचे. मला हे सगळं सांगून आमचे हे हसले तेव्हा मीही हसले, खोटं कशाला बोलू? त्या रांगेत आपण नव्हतो ना.

सहा वर्षांपूर्वी माझी बदली झाली. दीडशे किलोमीटरवर, नदीकाठच्या एका आरोग्य केंद्रात. दोन खाटा, लसींचा एक फ्रिज, आणि मी. नियमाने तीन वर्षांत परत यायला हवं होतं, पण नियमाला माझा पत्ता सापडला नाही. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. माझ्या गावात शाळा चौथीपर्यंतच, आणि घरी सासूबाई होत्या, म्हणून तिला शहरातच ठेवलं. मी महिन्यातून दोनदा जायची. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. तेव्हापासून पोरगी शाळेतून यायची, गळ्यातल्या किल्लीने कुलूप उघडायची आणि बाप येईपर्यंत टीव्ही लावून बसायची. बाप यायचा नऊला. एकदा तापाने फणफणली होती आणि मला फोनवर विचारत होती, "आई, थर्मामीटर कसा बघतात?" मी तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या पोराला औषध पाजत होते.

ह्यांना म्हटलं, "अहो, आता तुम्ही बोलाच साहेबांशी. बावीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नाहीत." ह्यांनी आठ दिवस आढेवेढे घेतले आणि शेवटी बोलले. लगेच मला फोन.

"अगं, साहेबांनी खांद्यावर हात ठेवला! म्हणाले, मास्तर, तुझं काम ते माझं काम. झालंच समज!"

"काय म्हणाले? परत सांगा."

"झालंच समज, म्हणाले."

"आणि खांद्यावर हात?"

"अगं, ते बाहेरच्या लोकांसाठी असतं. मला कशाला बनवतील ते?" उलट माझ्यावरच चिडले. "तुला मेलं प्रत्येकात खोट दिसते."

मी गप्प बसले. सात महिने बसले. बदल्यांच्या दोन याद्या लागल्या, दोन्हींत माझं नाव नाही. मग मात्र रजा टाकली आणि आरोग्य खात्याच्या ऑफिसात स्वतः जाऊन धडकले. तिथले हेडक्लार्क भला माणूस, निवृत्तीला आलेले. त्यांनी माझी फाइल काढली आणि पुढे सरकवली. पत्र ह्यांनीच टाइप केलेलं, ओळखू येतं. 'घरी एकटी राहणारी अल्पवयीन कन्या' असं लिहिलं होतं, वाचून डोळे भरून आले. आणि डाव्या कोपऱ्यात पिन. तिरकी. अशी तिरकी, की पोरांनी घसरगुंडी खेळावी.

"सिस्टर," हेडक्लार्क हळूच म्हणाले, "मला वाटलं, तुमच्या दोघांत काही बिनसलंय."

ऑफिसातून थेट घरी. हे जेवायला आले होते. पहिला घास घ्यायच्या आत विचारलं, "माझ्या पत्राला पिन कोणी मारली?"

"मीच. सगळ्यांना मीच मारतो."

"मग तिरकी का?"

हे आठवू लागले. खरंच आठवेना त्यांना. मग हळूहळू चेहरा उतरला. "साहेब 'झालंच समज' म्हणाले ना... हात गेला गं. सवयीनं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मेलं हसूही येत होतं. ह्या माणसाने सगळ्या जिल्ह्याला कळणारी खूण शोधून काढली, आणि ती स्वतःच्या बायकोवर चालवून मोकळा झाला! पण हे एकदम खुलले. ताटावरून उठलेच. "म्हणजे चूक माझी! साहेबांची नाहीच! तुला मी सांगत होतो ना? आत्ता नवीन पत्र करतो, आपण दोघं जाऊ." इतके आनंदले होते, की मलाही क्षणभर खरं वाटलं.

नेमकी त्याच दुपारी साहेबांना मंत्रिपद जाहीर झालं. ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही. गुच्छ ठेवायला टेबलं पुरेनात, म्हणून पाण्याच्या पिंपात खोचून ठेवले होते. ह्यांनी गर्दीतून वाट काढत पत्र पुढे केलं. पिन फूटपट्टी लावल्यासारखी सरळ. "साहेब, माझ्या हातून एक चूक झाली होती. तेवढी सही..."

साहेबांनी पत्र वाचलं नाही, पिन बघितली. मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं. माया होती.

"चूक कसली?" साहेब म्हणाले. "बरोबरच मारली होतीस की. वहिनी, रागावू नका, पण तुम्ही इथे आलात तर हा सहाच्या ठोक्याला घरी पळेल. मग माझं कसं व्हायचं? आता तर मंत्री झालो. एखाद्या गोष्टीवर माझं मत काय आहे, हे ह्याच्याशिवाय मला कोण सांगणार?" सगळे खो खो हसले. साहेबांनी ह्यांना जवळ ओढलं आणि लोकांना म्हणाले, "उजवा हात आहे हा माझा. उजवा हात!"

मी ह्यांच्याकडे बघत होते. म्हटलं, आता तरी बोलतील. बोलता आलं नाही तर निदान मान खाली घालतील. आणि ह्यांचा चेहरा फुललेला! कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. आमच्या लग्नातसुद्धा हा माणूस इतका खूश दिसला नव्हता. जिना उतरताना मला कोपराने हळूच ढोसलं. "ऐकलंस ना? सगळ्यांसमोर म्हणाले."

"ऐकलं," मी म्हटलं. साहेबांचा मला एवढा राग आला नाही, त्यांना त्यांचा फायदा कळतो. ह्यांचा आला. असा आला, की पुढच्या पायऱ्या दिसेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडताच मी मुलीचा दाखला काढायला गेले. माझ्या गावाहून मोठ्या शाळेला बसने पाऊण तास लागतो, लागू दे. मुख्याध्यापिकांनी एक फॉर्म दिला. ना शिफारस, ना शिक्का, दहा मिनिटांचं काम. शाळा सोडण्याचं कारण काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी शब्द शोधत होते, तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "आईजवळ राहायचंय." त्यांनी तेच लिहिलं.

खाली वडिलांची सही हवी होती. हे आले. कुठलाही कागद वाचतात तसा तो फॉर्म दोनदा वाचला. कारणाच्या रकान्यापाशी आल्यावर चष्मा काढला, पुसला, परत घातला. पेन हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. एक शब्द बोलले असते तर मी तो फॉर्म तिथेच फाडला असता. मग सही केली, टोपण लावलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"मी निघू का?" म्हणाले. "अकराला शपथविधीच्या गाड्या सुटतात. साहेबांच्या शपथेचा कागद माझ्या खिशात आहे."

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "जा बाबा, उशीर होईल." आणि हे गेले.