अकरा पाण्यांचे मामा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाटलीमामांनी सत्तावीस वर्षं एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच, असं तिथल्या मोठ्या लोकांना वाटायचं. मी रंगमंचावर राण्या केल्या, दासी केल्या, थोरामोठ्यांबरोबर उभी राहिले. पण हातातल्या कामाकडे इतकं लक्ष देणारा माणूस मला तिथेही विरळाच भेटला.

त्या प्रयोगशाळेत सोन्याचे कण बनवत. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारे, काडीच्या आकाराचे. "या काडीवर औषध चिकटवायचं, ताई," मामा माझ्याकडे चहा पिताना समजावत. "काडी कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचली की बाहेरून प्रकाश टाकायचा. ती तापते, औषध सुटतं. पण कण गोल झाला की संपलं. त्या प्रकाशाला तो दादच देत नाही."

काड्या झाल्या की नाही, हे ते रंगावरून सांगत. तपकिरी पाणी म्हणजे काड्या, लाल म्हणजे गोळ्या. भांड्यात आधीच्या सोन्याचा अंश राहिला तरी सगळा घाणा बिघडायचा. म्हणून मामा प्रत्येक भांडं सोनं विरघळवणाऱ्या आम्लात बुडवत आणि मग शुद्ध पाण्याने अकरा वेळा खंगाळत. नियम पाच वेळांचा होता. वरची सहा पाणी त्यांच्या पदरची. त्या आम्लाने त्यांच्या दोन बोटांची नखं कायमची पिवळी झाली होती. माझ्याकडे चहा झाला की कपही स्वतःच धुवायचे. अकरा वेळा. मी हसायची.

गेल्या वर्षी सलग तीन आठवडे पाणी लाल आलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सगळ्यांना धुण्याच्या खोलीत गोळा केलं.

"धुवा, मामा. आम्ही बघतो."

मामा धुऊ लागले. पंधरा जण बघत होते. एका चष्मेवाल्याने मोठ्याने मोजायला घेतलं, "एक... दोन..." सातला हशा पिकला. मामांनी अकरा पुरी केली. त्या भांड्यात नवा घाणा लावला, तरी पाणी लालच आलं.

"मॅडम, ती साबणासारखी पावडर घालतो ना आपण, काड्या वाढायला," मामा म्हणाले, "तिची नवी बरणी उघडल्यापासून हे होतंय. वरचा नंबर वेगळा आहे."

"घ्या! आता मामा आपला वर्ग घेणार," चष्मेवाला म्हणाला.

"कंपनी तीच, पावडर तीच," मॅडम म्हणाल्या. "तुमचं वय झालं, मामा. नजर गेली तुमची."

पुढच्या सोमवारी भांडी धुणारं यंत्र आलं आणि मामा घरी बसले. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"नोकरी आज ना उद्या सुटणारच होती, ताई," ते मला म्हणाले. "पण भांडी स्वच्छ होती, एवढं त्यांनी चारचौघांत म्हणायला हवं. बाकी काही नको मला."

यंत्राने धुतलेल्या भांड्यांतही पाणी लालच येत राहिलं. मग कोणीतरी ती पावडर तपासली. तिच्यात आयोडीनचा अंश होता, आणि तो काड्या होऊच देत नव्हता. मॅडमनी त्यावर शोधनिबंध लिहिला. खूप गाजला म्हणे. कौतुकसोहळ्याचं बोलावणं मामांनाही आलं.

"तुम्हीही चला, ताई. त्या बोलतील तेव्हा आपलं माणूस कोणीतरी असावं."

मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मॅडम लगबगीने आल्या. "अरे वा, मामा! बरं झालं आलात. मागे कप कमी पडताहेत, वापरलेले पडलेत. जरा बघता का?"

मामा उठले. मागचा नळ सुरू झाला, तो थांबेचना. "मामा, कप आहेत हो ते!" कोणीतरी मागून ओरडलं.

आणि तेवढ्यात मंचावर मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला आमचा संशय काचेच्या भांड्यांवर होता. तो निराधार निघाला." बस. मामांचं नाव नाही. लगेच पुढचं चित्र पडद्यावर आलं.

मामा परतले तेव्हा बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. "बोलल्या का काही?"

रंगमंचावर समोरचा नट वाक्य गाळून बसला की ते आपण बोलून टाकायचं, ही आमची जुनी रीत. कितीतरी प्रयोग त्यावर तरले. मॅडमनी गाळलेलं वाक्य मी बोलले.

"बोलल्या तर! मामांची भांडी स्वच्छ होती, आमचंच चुकलं, म्हणाल्या. टाळ्या पडल्या, मामा."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

मामांनी तोंड फिरवलं आणि ओल्या बाहीनेच डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मला न सांगता ते मॅडमचे आभार मानायला गेले. संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"त्या म्हणाल्या, मी असं कधी म्हटलं? मग सगळ्यांना बोलावून कार्यक्रमाचं चित्रीकरण लावलं. माझं नाव नाही त्यात. मागे नळ मात्र चांगला ऐकू येतो. चष्मेवाल्याने पुन्हा मोजायला घेतलं. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, आता कानही गेले का, मामा?"

"पण संशय निराधार निघाला, एवढं तरी होतं ना त्यात?"

"असेल. हशात ऐकू नाही आलं."

"आत या. चहा टाकते."

"नको, ताई," मामा जिना उतरता उतरता म्हणाले. "कप धुवावा लागेल."